संगणकशास्त्रातल्या चालू घडामोडी: पोट्टे दरवर्षी विचारतात ते सगळे प्रश्न

जुलै लागला की आपल्या या विषयाबद्दल तेच प्रश्न सुरू होतात, कॉरिडॉरमध्ये, कँटीनमध्ये, रात्री साडेअकराला फोनवर, आणि मी तेच उत्तर सतरा वेळा देते. म्हणून यंदा एकदाच लिहून टाकते. आधी पूर्ण वाचा, मंग विचारा. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत, काही तर जसेच्या तसे.

मॅडम, हा एमपीएससीच्या चालू घडामोडीसारखाच पेपर आहे का?

नाही बा. नावामुळे दरवर्षी हा घोळ होतो. एक जण तर पहिल्याच दिवशी नागपूरच्या बर्डी बाजारातून चालू घडामोडीच्या मासिकांचा गठ्ठा घेऊन आला होता आणि कोणत्या कंपनीचा सीईओ कोण याची यादी पाठ करून बसला होता. बिचाऱ्याचा एकही प्रश्न आला नाही. इथे लेखी परीक्षाच नाही. तुम्ही एक विषय घेणार, त्याचा मूळ रिसर्च पेपर वाचणार, त्यातली एक तरी गोष्ट स्वतःच्या हाताने करून पाहणार, आणि मग वर्गासमोर उभं राहून सांगणार.

मग घडामोड म्हणजे नक्की काय धरता तुम्ही?

कालपर्यंत जे जमत नव्हतं, किंवा जमणारच नाही असं सगळे धरून बसले होते, ते आज जमायला लागलं तर ती घडामोड. उलटंही चालतं, कालपर्यंत पक्कं समजत होतो ते फुटलं, तर तीही घडामोडच. फोनला चौथा कॅमेरा आला ही जाहिरात झाली.

एखादं उदाहरण द्या ना, असं हवेत नका सांगू.

हॅश टेबल घ्या, म्हणजे माहिती पटकन सापडावी म्हणून ती घराघरांत ठेवायची पद्धत. दुसऱ्या वर्षाला सगळ्यांनी केलंय, आणि सगळ्यांना वाटतं त्यात आता काय उरलंय. टेबल भरत आलं की रिकामी जागा शोधायला जास्त वेळ लागतो, हे तुम्हाला मेट्रोत सीट शोधतानाही कळतं. टेबल ९९.९ टक्के भरलं असेल तर वाईटात वाईट वेळी साधारण १००० घरं धुंडाळावी लागतील, यापेक्षा फार बरं काही करता येणार नाही, अशा अर्थाचा अंदाज अँड्र्यू याओ यांनी १९८५ मध्ये मांडला होता. याओ म्हणजे ट्युरिंग अवॉर्डवाले, संगणकशास्त्राचं नोबेलच म्हणा, त्यामुळे लोकांनी तो विषय मिटला असं धरलं. मग अमेरिकेतल्या रटगर्समध्ये शिकणाऱ्या अँड्र्यू क्रॅपिविन नावाच्या पोराने, तेव्हा तो पदवीलाच होता, एक वेगळाच पेपर वाचताना खेळत खेळत नवीन प्रकारचं टेबल बनवलं, आणि २०२५ च्या सुरुवातीला मार्टिन फराख-कोल्टन आणि विल्यम कुझमॉल यांच्याबरोबर पेपर आला की याओंचा अंदाज चूक आहे. १००० च्या जागी १००० च्या लॉगचा (दोनच्या पायावरचा, साधारण १०) वर्ग, म्हणजे स्थिरांक सोडले तर १०० च्या आसपास. मजा ही की त्या पोराला याओंचा अंदाज माहीतच नव्हता. असं होत नाही हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याने करून टाकलं!

आपल्याकडचंही आहे. २००२ च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे नुकतेच बीटेक झालेले दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे कुठलाही चान्स न घेता, पॉलिनॉमियल वेळात, म्हणजे संख्या लांब झाली तरी वेळ आटोक्यात ठेवून, सांगणारी पद्धत दिली. आता ते चालू नाही राहिलं, पण त्या दोघांचं वय तेव्हा जवळपास तुमच्याएवढंच होतं, हे ज्यांना ‘आमच्याच्याने काय होते’ असं वाटून राहिलं त्यांच्यासाठी.

‘चालू’ म्हणजे किती वर्षं जुनं चालते?

मुख्य पेपर शेवटच्या पाच वर्षांतला. पण त्याची मुळं कुठवर जातात ते तुमचं तुम्ही खणायचं. लँग्वेज मॉडेलवर (चॅटजीपीटीच्या आत असतं ते) काही घेतलं तर २०१७ चा ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे ही मॉडेल ज्या रचनेवर उभी आहेत तिचा, पेपर न वाचता उभं राहू नका. आठ जणांनी लिहिलेला आहे तो, त्यातल्या निकी परमार पुण्यातल्या पीआयसीटी इंजिनिअरिंग कॉलेजच्या, आणि दरवर्षी हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

मार्क कसे आहेत?

प्रेझेंटेशन २०, रिपोर्ट १५, व्हायवा १५. रिपोर्ट चार पानांचा, कव्हर पेज धरून पाच. स्पायरल बाइंडिंग नको, झेरॉक्सवाल्याला पैसे देऊ नका.

एआयच घ्यावा लागेल का? सगळे तेच घेऊन राहिले.

सगळे घेऊन राहिले म्हणूनच घेऊ नका. आणि ‘एआय’ हा विषय नाहीच, तो बाजार आहे. बर्डीवर जाऊन दुकानदाराला ‘सामान द्या’ म्हटलं तर तो काय देईल? विषय इतका लहान पाहिजे की तुम्हाला तो एका वाक्यात, तुमच्या आजीला नाही तर निदान तुमच्या रूममेटला, सांगता आला पाहिजे.

संत्र्याच्या पानावरचा रोग ओळखणारं मॉडेल घेऊ का? आमची बागच आहे.

घ्या, पण आधी हे पूर्ण वाचा, कारण दरवर्षी किमान तीन जण हाच टॉपिक घेऊन येतात आणि तिघांचीही ॲक्युरसी ९८-९९ टक्के असते आणि तिघांच्याही चेहऱ्यावर आपण विदर्भाचा प्रश्न सोडवल्याचं समाधान असतं.

तुम्ही तिघंही जो डेटासेट डाउनलोड करता तो म्हणजे प्लांटव्हिलेज. चोपन्न हजारांवर फोटो, १४ पिकं, ३८ वर्ग. २०१६ मध्ये याच्यावर शिकवलेल्या मॉडेलने ९९.३५ टक्के बरोबर उत्तरं दिली, पेपर गाजला, आणि तेव्हापासून जग तोच आकडा परत परत काढून राहिलं. पण त्याच पेपरात पुढे लिहिलंय, जे कोणी वाचत नाही, की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तर तेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. काहून? तर फोटो काढताना पान तोडून, एकेक सुटं, साध्या कागदासारख्या पार्श्वभूमीवर ठेवलंय. बागेत असं पान कुठे असतं? तिथे ऊन असतं, सावली असते, मागे दहा पानं असतात, वारा असतो. २०२२ मध्ये तर कोणीतरी पानाकडे पाहिलंच नाही, पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल घेऊन मॉडेल शिकवलं, आणि तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. डोळे मिटून ठोकलं तर ३८ वर्गांत अडीच-पावणेतीन टक्क्यांच्या वर जायला नको. म्हणजे मॉडेल बरंचसं पान नाही, कागद ओळखून राहिलं.

आणि संत्र्याचं तर अजूनच. त्या ३८ वर्गांत संत्र्याचा वर्ग एकच आहे आणि तो रोगट पानांचा, सिट्रस ग्रीनिंगचा. निरोगी संत्र्याचं पान त्यात नाहीच! मग तुमचं मॉडेल ‘हे संत्र्याचं निरोगी पान’ असं म्हणणार कुठून, तो शब्दच त्याला शिकवलेला नाही.

मागे काटोलकडचा एक पोट्टा होता, त्याला मी हे काही सांगितलं नाही, मुद्दामच. फक्त म्हटलं, पुढच्या रविवारी घरी जाशील तेव्हा बागेतले साठ फोटो काढून आण आणि मॉडेलला दाखव. सोमवारी आला तो तोंड पाडूनच. जवळपास सगळ्या पानांना ग्रीनिंग. बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, असं असतं तर मी बाग केव्हाच तोडली असती. आणि बाबांचा खरा त्रास वेगळाच होता, डिंक्याचा, ज्याचं मुख्य लक्षण खोडावर दिसतं, सालीतून डिंक गळतो, तर पानाचा फोटो घेऊन तुम्ही करणार काय? त्याने हेच प्रेझेंट केलं, ९९ टक्क्यांपासून बाबांच्या डायलॉगपर्यंत. त्या वर्षीचे सगळ्यात जास्त मार्क.

तेव्हा घ्यायचा असेल तर असा घ्या, स्वतःचे फोटो काढून, आकडा पडतो कसा ते दाखवून. सिट्रसवर काम करणारी केंद्र सरकारची संशोधन संस्था आपल्या अमरावती रोडवरच आहे, कापसावरची पण नागपुरातच आहे. मॉडेलला विचारायच्या आधी माणसाला विचारा.

पेपर वाचायचा कसा? पहिल्या पानावरच झोप येते.

मलाही येते. पहिल्या पानापासून वाचूच नका. आधी बातमी वाचा, मग पेपर उघडा आणि बातमीतलं मोठ्ठं वाक्य पेपरात कुठे आहे ते शोधा. बऱ्याचदा ते सापडतच नाही, आणि तिथेच खरी गंमत सुरू होते.

डिसेंबर २०२४ मध्ये गूगलची विलो नावाची क्वांटम चिप आली, १०५ क्यूबिटची (क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट). बातमी सगळीकडे एकच, जे काम सुपरकॉम्प्युटरला एकावर २५ शून्य इतकी वर्षं लागलं असतं ते पाच मिनिटांत केलं. माझ्या भावाने पण मला फॉरवर्ड केली, खाली लिहून की ‘ताई तुझी नोकरी गेली’. आता ते काम काय होतं तर रँडम सर्किटमधून नमुने काढायचे, ज्याचा कोणाला घरगुती किंवा धंद्याचा उपयोग नाही, ते कामच असं निवडलेलं असतं की साध्या कॉम्प्युटरला अवघड जावं. पेपर उघडा, तर तो या पाच मिनिटांवर नाहीच. तो चुकांवर आहे. क्यूबिट फार चुकतात, म्हणून बरेच क्यूबिट मिळून एक भरवशाचा क्यूबिट बनवतात, आणि आजवर भीती ही होती की जितके जास्त घ्याल तितका गोंधळही वाढेल. यांनी ३ बाय ३ ची जाळी, मग ५ बाय ५, मग ७ बाय ७ अशी वाढवत नेली आणि दर पायरीला चुका निम्म्याहून थोड्या जास्तच कमी झाल्या. मोठं केलं तर बिघडण्याऐवजी सुधारलं, घडामोड ही आहे. हेडलाइनमध्ये ती कुठेच नव्हती.

बाकी क्रम असा ठेवा, गोषवारा, मग आकृत्या आणि तक्ते, मग शेवटी लेखकांनी स्वतःच्या मर्यादा लिहिलेल्या असतात तो भाग, आणि मग जमलं तर मधलं. मर्यादांचा भाग सगळ्यात प्रामाणिक असतो. पहिल्या वाचनात अर्धं समजलं तर खूप झालं.

मॅथ्स नसलेला टॉपिक सांगा मॅडम, प्लीज.

एक्सझेडची भानगड घ्या. डिटेक्टिव्ह कथा आहे ती. एक्सझेड म्हणजे फाइल दाबून लहान करणारं छोटंसं टूल, लिनक्समध्ये जवळपास सगळीकडे असतं, आणि सांभाळणारा माणूस मुख्यतः एकच, तोही फुकट, स्वतःच्या वेळात. जिया टॅन असं नाव लावणारं कोणीतरी दोन वर्षांहून जास्त त्याला मदत करत राहिलं, चांगला कोड देत राहिलं, विश्वास कमावला, हळूहळू चाव्या हातात आल्या, आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये मागचा दरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची चोरवाट, घुसवला. लपवला कुठे तर टेस्टसाठी ठेवलेल्या फाइलींमध्ये, ज्या कोणी उघडून पाहत नाही. पकडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर, जो सिक्युरिटीवाला नव्हताच, डेटाबेसवाला होता, तो स्पीड मोजत बसला होता आणि त्याला दिसलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागून राहिला. अर्धा सेकंद! आपल्या लॅबमधलं मशीन चालू व्हायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागतो तरी आपण तक्रार करत नाही, आणि त्याने अर्ध्या सेकंदामागे जाऊन २९ मार्च २०२४ ला जगाला सावध केलं.

यात करून पाहण्यासारखं पण आहे. तुमच्या स्वतःच्या प्रोजेक्टचं डिपेंडन्सीचं झाड काढा. तुम्ही तीन लायब्ररी (दुसऱ्यांचा तयार कोड) टाकल्या असतील, खाली किती निघतात ते मोजा, आणि त्यातल्या किती एकट्या माणसाच्या भरवशावर चालल्यात ते पहा. एका पोरीने कॉलेज फेस्टच्या साइटचं काढलं होतं, झाड प्रोजेक्टरवर मावलं नाही.

आणि क्वांटम? त्याला फिजिक्स लागते ना?

क्वांटम कॉम्प्युटर बनवायला लागतं, त्याच्यापासून बचाव करायला नाही लागत. पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं की मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला तर आज ज्या कुलपांवर बँकिंग चालतं त्यातली बरीच उघडतील. तो अजून आलेला नाही, पण आज चोरून साठवलेला डेटा उद्या उघडता येतो, म्हणून कुलपं आधीच बदलायची घाई. अमेरिकेच्या निस्टने (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) १३ ऑगस्ट २०२४ ला अशा कुलपांची पहिली तीन नवी मानकं जाहीर केली.

टॉपिक म्हणून मला आवडतो तो त्याचा कंटाळवाणा भाग, साइझ. आत्ता वापरात असलेल्या एक्स२५५१९ या कुलपाची पब्लिक की, म्हणजे सगळ्यांना दाखवता येणारी चावी, ३२ बाइटची, नव्या एमएल-केम-७६८ ची ११८४ बाइटची. डिजिटल सहीचं तर विचारूच नका, ६४ बाइटवरून नव्या एमएल-डीएसए-६५ मध्ये ३३०९ वर. तुमच्या लॅपटॉपला काही फरक नाही पडत, पण शेतात लावलेल्या सेन्सरला पडतो, स्मार्ट मीटरला पडतो, जुन्या कार्डच्या चिपला पडतो. दोन्ही प्रकारच्या चाव्या हजार हजार वेळा बनवा, वेळ मोजा, बाइट मोजा, ग्राफ काढा, झालं तुमचं प्रात्यक्षिक. जाता जाता, आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ६००३ कोटींच्या वरचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, व्हायवात हे मी विचारणार नाही, पण बाहेरचे परीक्षक विचारतात.

प्रेझेंटेशन मराठीत चालेल का?

चालेल. हिंदीत पण चालेल, आपण नागपुरात आहो, तसंही तुमचं एक वाक्य तीन भाषांत असतं. फक्त ‘रिकर्शन’ला मराठी शब्द शोधण्यात रात्र घालवू नका, रिकर्शनच म्हणा. रिपोर्ट मात्र इंग्रजीत, तो नियम माझा नाही.

आणि मराठीवरून आठवलं, मराठीचाच टॉपिक का नाही घेत कोणी? ‘नागपूर’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ठेवा. इंग्रजीत लिहिला तर ६ बाइट. देवनागरीत १८, कारण आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, उकार ही पण वेगळी चिन्हं. एकट्या ‘क्ष’ला ९ बाइट लागतात. आता लँग्वेज मॉडेल मजकुराचे तुकडे करतं, टोकन, आणि पैसे टोकनवर लागतात, वेळ टोकनवर लागतो, मॉडेलला एका वेळी किती मजकूर लक्षात ठेवता येतो तेही टोकनवर. हे तुकडे ज्या मजकुरावरून ठरवले त्यात मराठी कमी असेल तर आपल्या शब्दांचा पार चुरा होतो. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणताना तुकडे पाडायची पद्धत बदलली, तेव्हा त्यांनीच नमुना दिला होता, मराठीच्या त्याच एका मजकुराला आधी ९६ टोकन लागत होते, आता ३३. म्हणजे तोवर मराठी माणूस तेच बोलायला जवळपास तिप्पट मोजत होता, आणि आपल्यातल्या कोणाच्या लक्षातही आलं नाही!

टोकनायझर, म्हणजे हे तुकडे पाडणारी टूलं, फुकट मिळतात. बातमी, व्हॉट्सॲपची मराठी, आणि आपली नागपुरी बोली, ‘काय करून राहिला बे’ वगैरे, असे तीन ढीग करा आणि दर शब्दाला किती टोकन पडतात ते मोजा. जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारी महागडी चिप) लागत नाही, दोन तासांचं काम आहे, आणि माझ्या माहितीत आपल्या विभागात हे अजून कोणी केलेलं नाही.

चॅटजीपीटी वापरलं तर चालते का? खरं सांगा.

खरं सांगते, समजून घ्यायला वापरा, लिहून घ्यायला नको. पेपरातला एखादा परिच्छेद डोक्यावरून गेला तर त्याला विचारा, मीही विचारते. पण उत्तर घेऊन परत पेपराकडे या आणि जुळतं का पहा.

एका वर्षी एका रिपोर्टच्या संदर्भांत मला एक पेपर दिसला, नाव इतकं छान होतं की मलाच वाचावासा वाटला. अर्धा तास शोधला. नव्हताच. असा पेपर या जगात कोणी लिहिलेलाच नव्हता, लेखक मात्र खरे, मोठे, त्या विषयातलेच. मॉडेल खोटं बोलत होतं असंही नाही, त्याचं काम पुढचा शोभेल असा तुकडा जोडत जाणं, आणि त्या जागी तोच पेपर शोभला असता. त्या पोट्ट्याला मी व्हायवात म्हटलं, या पेपरातलं तुला सगळ्यात काय आवडलं. तो दोन मिनिटं बोलला हो! मला हसावं का रडावं कळेना.

तेव्हा नियम एकच. संदर्भात टाकलेला प्रत्येक पेपर व्हायवाच्या वेळी तुमच्या लॅपटॉपवर उघडा पाहिजे, तुमच्या हायलाइटसकट. एक जरी उघडला नाही तर रिपोर्टचे १५ गेले.

लॅपटॉप जुना आहे, जीपीयू नाही.

वर सांगितलेले टॉपिक पहा, संत्र्याचं सोडलं तर एकालाही जीपीयू लागत नाही, आणि त्यालाही गूगल कोलॅबचं फुकटवालं पुरतं. लॅपटॉपच नसेल तर मला एकटीला येऊन सांगा, लॅबच्या चावीचं पाहू. यात लाजायचं काही नाही.

थिअरीचा टॉपिक कोणी घेतं का कधी?

चार वर्षांतून एखादा घेतो आणि मी त्या दिवशी घरी संत्रा बर्फी घेऊन जाते. २०२५ च्या फेब्रुवारीत एमआयटीचे रायन विल्यम्स यांनी जे दाखवलं ते घ्या. प्रश्न साधा आहे, एखादा प्रोग्रॅम दहा लाख पावलं चालत असेल तर तेच काम करायला मेमरी कमीत कमी किती लागेल? १९७५ मध्ये हॉपक्रॉफ्ट, पॉल आणि व्हॅलियंट यांनी थोडीशी बचत दाखवली होती, पावलांना त्यांच्या लॉगने भागा, म्हणजे दहा लाखांच्या जागी साधारण पन्नास हजार. त्यानंतर पन्नास वर्षं तिथेच. विल्यम्स यांनी ते वर्गमुळाच्या आसपास आणलं, म्हणजे याच उदाहरणात साडेचार हजार, स्थिरांक सोडून बोलतेय. ते स्वतःच म्हणे आधी विश्वास ठेवायला तयार नव्हते. पूर्ण सिद्धता तुम्ही मांडावी अशी माझी अपेक्षा नाही, पण मेमरी पुसून परत मोजायची, पुसून परत मोजायची, ही कल्पना खडू-फळ्यावर पंधरा मिनिटांत होते.

किंवा सुभाष खोत. इचलकरंजीचे, मराठी माणूस. २००२ मध्ये त्यांनी युनिक गेम्सचा अंदाज मांडला, काही कोड्यांचं जवळपासचं उत्तर काढणंही अवघडच असतं असा, २०१४ ला नेव्हानलिना पारितोषिक (संगणकशास्त्रातल्या गणितासाठीचं मोठं बक्षीस) मिळालं, आणि तो अंदाज अजून खरा की खोटा ठरलेला नाही, २०१८ मध्ये अर्ध्या वाटेपर्यंत गेलेत लोक. क्रिकेटपटूंची नावं सगळ्यांना माहीत असतात, हे नाव वर्गात विचारलं की शांतता.

दोघं मिळून केलं तर?

नाही. चहा दोघं मिळून प्या.

मारबतीच्या दिवशी लेक्चर आहे का?

नाही हो, मलाही मारबतीची मिरवणूक पहायची असते. पण मंगळवारी सकाळी आठचं लेक्चर आठलाच असतं, आणि पावसामुळे उशीर झाला हे कारण फक्त खरोखर पाऊस असेल तेव्हा. बाहेर कडक ऊन आणि तुम्ही ओले नाही, असं नका करू. तर्री पोहा खाऊन आलात तर वास सगळ्यांना येतो.

याचा प्लेसमेंटला काय उपयोग?

थेट काही नाही, कंपनीवाले ॲप्टिट्यूडच घेतील. पण इंटरव्ह्यूत ‘रिसेंटली काय नवीन वाचलं’ हा प्रश्न येतोच, आणि तिथे बाकीचे ‘एआय इज द फ्युचर’ म्हणत असताना तुम्ही अर्ध्या सेकंदाची गोष्ट सांगितली तर समोरचा पेन खाली ठेवतो. दोघातिघांनी येऊन सांगितलंय मला हे.

मॅडम, टॉपिक मधेच जुना झाला किंवा चुकीचा निघाला तर?

झालंय असं, आणि झकास झालंय. २०२२ च्या जुलैत एका पोरीने साइक नावाची क्वांटमपासून वाचवणारी पद्धत घेतली होती, तेव्हाच ती निस्टच्या निवडीच्या चौथ्या फेरीत पोचली होती, चावी लहान होती, सगळं छान. टॉपिक फायनल केला, मी सही केली. आणि ऑगस्ट लागता लागता बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाच्या दोघांनी, कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी, ती फोडली. क्वांटम कॉम्प्युटरने नाही, साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर, तासाभरात. वापरलं काय तर १९९७ चं एक गणितातलं प्रमेय, जे त्यांच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. पोरगी रडवेली होऊन केबिनमध्ये आली, टॉपिक बदलून द्या म्हणून. मी म्हटलं बाई, तुला लॉटरी लागली. तिने पीपीटीतल्या पहिल्या दहा स्लाइड तशाच ठेवल्या, ‘ही पद्धत सुरक्षित का आहे’, आणि अकराव्या स्लाइडवर फक्त एक तारीख टाकली. वर्गाला कळायला दोन सेकंद लागले, मग जो कल्ला झाला!

तेव्हा तुमचा टॉपिक फुटला तर मला त्याच दिवशी सांगा, दोन आठवडे मुदत वाढवून मिळेल. बाकी कशासाठीही मिळणार नाही, चुलतभावाच्या लग्नासाठी पण नाही, आणि हे कोणाला उद्देशून लिहिलंय ते त्याला माहीत आहे.